मोडका, न वापरलेला कोड: कधी काढायचा, कधी ठेवायचा

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नव्याने आलेल्या माणसाच्या नजरेत दोन कामं पटकन भरतात. एक म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका, दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोड. नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरच्या कॉलेजांतली मुलं आपली पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) दाखवायला येतात, तेव्हा ती बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारातली असते. एडिटरने एखादं फंक्शन फिकट रंगात दाखवलं, मुलाने ते उडवलं, रिक्वेस्ट पाठवली. पलीकडून, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरकडून, "कशावरून वापरात नाही?" एवढाच प्रश्न आला आणि गाडी तिथेच अडली.

तो प्रश्न रास्त आहे. नवा कोड घालताना तो चालतो हे दाखवावं लागतं. जुना काढताना त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे दाखवावं लागतं, आणि ज्यांचं अडू शकतं ती माणसं तुमच्यासमोर नसतात. म्हणून हा निर्णय अंदाजावर घ्यायचा नाही, पुराव्यावर घ्यायचा. तो पुरावा कसा जमवायचा, ते इथे सांगतो. तुम्हाला गिट वापरता येतं आणि एखादा प्रकल्प स्वतःच्या मशीनवर बिल्ड करता येतो, एवढं धरून चाललो आहे.

हे काम हलकं आहे असं मात्र समजू नका. २०१० मध्ये लिब्रेऑफिस ओपनऑफिसपासून वेगळं झालं, तेव्हा त्याच्याबरोबर जुन्या कोडचा डोंगर आला. कॉलकॅचर नावाच्या साधनाने, कुणीच न बोलावलेल्या फंक्शनांची यादी काढून ती थेट रेपोत ठेवली गेली. नवख्यांना सांगितलं जायचं: यातलं एक घ्या, तपासा, काढा. इतक्या मोठ्या प्रकल्पाचं दार नव्या माणसासाठी उघडलं ते याच कामाने.

वापरात नाही, मोडलंय, की नुसतं जुनं दिसतंय?

पहिली पायरी म्हणजे समोर काय आहे ते नीट ओळखणं. "वापरात नाही" ही एक गोष्ट आणि "मोडलंय" ही दुसरी. दोन्हींचा पुरावा वेगळा असतो, म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

चालतंय पण कुणी वापरत नाही, असा कोड काढायची घाई नसते. वापरतात पण मोडलंय, तर तो दुरुस्तीचा विषय. काढायचं नावही काढू नका. मोडलंय आणि कुणी वापरतही नाही, हा आपला खरा विषय. चौथा प्रकार म्हणजे नुसता जुन्या पद्धतीने लिहिलेला कोड. तो वाचायला अवघड असतो, पण रोज काम करत असतो. नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत या चौथ्यात होते. कोड आवडला नाही हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

मोडलेला असणं आणि वापरात नसणं यांत एक धागा मात्र आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एखादी सोय दोन-तीन रिलीजपासून मोडलेली आहे आणि एकाही माणसाने तक्रार केलेली नाही, तर ती कुणी वापरत नसावं याचा तो चांगला पुरावा आहे. "चांगला" म्हणतोय, "पक्का" म्हणत नाही. कारण पुढे येईल.

कोण बोलावतं ते शोधा

इथे वेळ घाला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावर उभ्या आहेत.

सुरुवात ग्रेपपासून, म्हणजे फायलींत शब्द शोधणाऱ्या कमांडपासून, होते. फंक्शनचं नाव संपूर्ण रेपोत शोधा. फक्त कोडच्या फायलींत शोधून भागत नाही. कॉन्फिग, टेस्ट, दस्तऐवज, बिल्डच्या स्क्रिप्टा, इंटरफेसच्या एक्सएमएल फायली, सगळीकडे बघा. बटण दाबल्यावर कोणतं फंक्शन चालायचं हे बऱ्याचदा एक्सएमएल फायलीत लिहिलेलं असतं आणि कोडमध्ये त्याचा मागमूस नसतो. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये मॅनिफेस्ट फाइल बघायलाच हवी.

पण ग्रेपवर थांबू नका. आमच्याकडे मुलांनी मिळून चालवलेलं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या मंडळनिहाय पावसाच्या नोंदी ते वाचतं, तालुकावार बेरजा करतं, आलेख काढतं. त्यात जुन्या तक्त्यातला जिल्हा आजच्या जिल्ह्याला जोडणारं एक फंक्शन आहे. सेलूहून येणाऱ्या एका मुलीने त्याच्यावर ग्रेप मारला. नाव जिथे लिहिलंय ती ओळ सोडली तर दुसरीकडे कुठेच सापडलं नाही.

"सर, हे कुणीच बोलवत नाही. काढून टाकू का?"

"टाक. पण आधी १९९५चा तक्ता घालून बघ बरं एकदा."

जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. म्हणजे १९९५च्या तक्त्यात वसमत आणि कळमनुरी परभणी जिल्ह्याखाली येतात. २०२३ नंतरच्या तक्त्यांत उस्मानाबादच्या जागी धाराशिव येतं. कोणत्या वर्षाला कोणती जोडणी लावायची हे प्रोग्रॅम चालताना ठरवतो: "जोड" हा शब्द आणि वर्षांचा गट एकत्र करून फंक्शनचं नाव तयार करतो आणि त्या नावाने फंक्शन बोलावतो. पूर्ण नाव बोलावणाऱ्या ओळीत कुठेच लिहिलेलं नाही, मग ग्रेपला सापडणार कसं? शिवाय जुने तक्ते वर्षातून एकदाच लागतात, पावसाळ्याआधी सरासरी नव्याने काढताना. आणि नाव सापडलं नाही तर जोडणीविना पुढे जायचं, अशी सोय त्यात होती. ते फंक्शन काढलं असतं तर एररसुद्धा आली नसती. हिंगोलीची जुन्या वर्षांची बेरीज शून्य आली असती, परभणीची फुगली असती, आणि आलेख दिसायला छान दिसला असता.

मुलीने ते फंक्शन ठेवलं, वर दोन ओळींची टीप लिहिली, आणि वसमतची एक ओळ असलेला १९९५चा छोटा तक्ता घेऊन एक टेस्ट जोडली. प्रकल्पाला खरा उपयोग त्या टेस्टचा झाला. "हे काढू का?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तरी ते उत्तर पुढच्या माणसासाठी कोडमध्ये लिहून ठेवता येतं.

मराठीशी संबंधित कोडमध्ये आणखी एक जागा आहे जिथे डोळे हमखास फसतात. शोध, शुद्धलेखन तपासणी किंवा जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला अशी एक ओळ दिसेल: अमुक अक्षरसमूहाच्या जागी तमुक घाल. आणि स्क्रीनवर अमुक आणि तमुक दोन्ही अगदी सारखे! वाटतं, ही ओळ काहीच करत नाही. पण "शेतकऱ्यांना" मधला तो आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त येतो. दुसऱ्या, युनिकोडच्या २.० आवृत्तीच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह येतं. दिसायला एकच, पण संगणकासाठी दोन वेगळे शब्द. ती ओळ काढली की एका पद्धतीने टाइप केलेलं "शेतकऱ्यांना" दुसऱ्या पद्धतीच्या मजकुरात सापडेनासं होतं. अशी ओळ दिसली तर दोन्ही बाजूंचे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) छापून बघा, मगच बोला. जुन्या देवनागरी फाँटांसाठी ठेवलेल्या कोडचंही असंच आहे: ओपनटाइपमध्ये देवनागरीच्या दोन पिढ्या आहेत आणि जुन्या पिढीचे फाँट अजून लोकांच्या संगणकांवर आहेत.

साधनांची मदत जरूर घ्या, पण ती काय सांगतात ते नीट वाचा. पायथनसाठी व्हल्चर आहे. ते प्रत्येक शोधापुढे खात्रीचा आकडा देतं. जिथे प्रोग्रॅम कधी पोचूच शकत नाही अशा ओळींना १०० टक्के, न वापरलेल्या इम्पोर्टला ९०, आणि न बोलावलेल्या फंक्शनला फक्त ६०. साधन बनवणाऱ्यांनाच फंक्शनबद्दल खात्री नाही, तर आपण कशाच्या जोरावर धरायची? सी भाषेत जीसीसी फक्त त्या फाइलपुरत्या मर्यादित, म्हणजे स्टॅटिक, फंक्शनबद्दल इशारा देतं. बाकीच्यांना दुसरी फाइल बोलावत असेल हे त्याला एका फाइलवरून कळत नाही. अटींच्या आड असलेला कोडही जपून बघा. तुमच्या लिनक्सवर जो भाग बिल्डच होत नाही, तो विंडोजवर किंवा एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर रोज चालत असू शकतो.

आणि प्रकल्प ही लायब्ररी असेल, तर रेपोच्या आत शोधून काहीच सिद्ध होत नाही. लायब्ररीची फंक्शनं बाहेरच्यांसाठीच असतात. तिथे डेबियन या लिनक्स वितरणाचा कोड सर्च वापरा. डेबियनमध्ये असलेल्या सगळ्या पॅकेजांच्या सोर्समध्ये एकदम शोधता येतं. तुमचं फंक्शन कोणत्या पॅकेजांत वापरलंय हे तिथे कळतं.

इतिहास वाचा

गिट लॉगला मोठ्या एसचा (-S) पर्याय आणि फंक्शनचं नाव दिलं की, ते नाव ज्या ज्या कमिटमध्ये आलं किंवा गेलं ते सगळे कमिट दिसतात. बहुतेकदा दोनच सापडतात: एक फंक्शन आलं तेव्हाचं, दुसरं त्याला बोलावणारी शेवटची ओळ गेली तेव्हाचं. हे दुसरं कमिट सापडलं की तुमचा अर्धा पुरावा झाला. त्याचा संदेश वाचा. "तात्पुरतं बंद" असं लिहिलं असेल तर का बंद केलं ते शोधा, आणि लिहिणारा अजून प्रकल्पात असेल तर त्याला विचारा. कधी कधी दोन ओळींच्या उत्तरात सगळं मिटतं.

मोडलंय हे दाखवा

"हे चालत नसावं" असं लिहू नका. चालवा, आणि काय होतं ते लिहा.

पावसाच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये एसएमएस पाठवणारा एक भाग होता. मंडळात ठरावीक पाऊस झाला की यादीतल्या नंबरांवर संदेश जायचा. २०२१ मध्ये अशा घाऊक संदेशांसाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीत आधी नोंदवणं सक्तीचं झालं. नोंदणी नसलेले संदेश मधेच अडू लागले. हा भाग त्याआधी लिहिलेला. नोंदणीचा क्रमांक पाठवायची सोयच त्यात नव्हती. प्रोग्रॅमच्या बाजूने मात्र "पाठवला" अशी नोंद पडत राहिली. कुणी काही म्हटलं नाही, कारण तोवर गावोगाव व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले होते आणि पावसाचा आकडा त्यावर आधीच यायचा.

इथे पुरावा कसा मांडायचा? आधी चाचणी: चालू नंबरवर संदेश पाठवला, पोचला नाही, गेटवेचं (संदेश पुढे पाठवणाऱ्या सेवेचं) उत्तर जसंच्या तसं प्रकल्पाच्या इश्यूत (तक्रारी आणि चर्चेच्या नोंदीत) चिकटवलं. मग कधीपासून: तारीख आणि कारण. मग दुरुस्त करायला काय लागेल: संस्थेच्या नावाने नोंदणी, तिचा खर्च, मजकूर बदलला की पुन्हा मंजुरी. आणि शेवटी, ती जबाबदारी घ्यायला कुणी तयार आहे का. या चार गोष्टी एका इश्यूत आल्या की वाचणाऱ्याला निर्णय घेणं सोपं होतं.

बाहेरचं जग बदलल्यामुळे मोडलेल्या कोडचं कारण असं बाहेर सापडतं. प्रकल्पातल्याच एखाद्या बदलाने मोडलं असेल तर गिट बायसेक्ट वापरा. चालत होतं ते एक जुनं कमिट आणि चालत नाही ते एक नवं कमिट सांगितलं की ते मधली कमिटं निम्मी-निम्मी करत नेमकं दोषी कमिट दाखवतं. हजार कमिटांत दहा-एक चाचण्यांत काम होतं. आणि दोष एका ओळीचा निघाला, तर काढायचा विचार सोडा, ती ओळ दुरुस्त करा. अशी दुरुस्ती काढण्यापेक्षा कितीतरी जास्त मोलाची असते.

विचारा, आणि थांबा

आता उघडपणे विचारायचं: हे कुणी वापरतं का? आम्ही काढायच्या विचारात आहोत.

मोठे प्रकल्प हे किती धीराने करतात ते बघण्यासारखं आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये रायझरएफएस ही फाइल सिस्टिम होती. २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत ती काढली जाणार अशी सूचना घातली गेली. प्रत्यक्षात ती गेली ६.१३ आवृत्तीत, २०२५च्या जानेवारीत. मधला काळ कशासाठी? कुणाच्या तरी डिस्कवर वर्षांची माहिती त्या फाइल सिस्टिममध्ये असेल, त्याला ती दुसरीकडे हलवायला वेळ मिळावा म्हणून. पायथनने १९ जुनी मॉड्यूलं काढली तीही अशीच: ३.११ पासून, म्हणजे २०२२च्या ऑक्टोबरपासून, वापरणाऱ्याला इशारा दिसायचा, ३.१३ मध्ये, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, ती गेली. ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी त्यांतली काही स्वतंत्र पॅकेज म्हणून उपलब्ध झाली.

घाई केली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २०१९च्या जूनमध्ये उबंटूने ३२ बिटची पॅकेजेस पुढच्या आवृत्तीत पूर्ण बंद करायचं जाहीर केलं. स्टीम (गेमचं दुकान) आणि वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) यांच्या बाजूने लगेच ओरड झाली, कारण कितीतरी जुने गेम आणि विंडोजचे प्रोग्रॅम त्याच ३२ बिट लायब्रऱ्यांवर चालत होते. काही दिवसांतच उबंटूला निवडक लायब्रऱ्या ठेवायचं कबूल करावं लागलं.

वर म्हटलं होतं, तक्रार नसणं हा चांगला पुरावा आहे, पक्का नाही. त्याचं कारण आपल्याच भागात आहे. किनवटच्या किंवा परंड्याच्या शाळेतल्या संगणक कक्षात एखादी सोय मोडली, तर तिथले गुरुजी गिटहबवर इंग्रजीत इश्यू टाकत नाहीत. ते संगणक बदलतात, नाहीतर वहीवर लिहून काम भागवतात. शिवाय डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तुम्ही आज मोडलेली गोष्ट तिच्या वापरकर्त्याला कळायलाच दोन वर्षं लागू शकतात, आणि लॅबमध्ये त्याहून जुनं काही चालू असेल तर आणखी उशीर. म्हणून तुमच्या प्रकल्पाचा वापरकर्ता कोण, हे आधी ठरवा. प्रोग्रॅमरांसाठीची लायब्ररी असेल तर इश्यू आणि मेलिंग लिस्टवर विचारणं पुरे. मराठी टायपिंगचं, शाळेचं किंवा शेतीचं सॉफ्टवेअर असेल तर फोन करावे लागतील, लॅबमध्ये जाऊन बसावं लागेल, प्रश्न मराठीत विचारावा लागेल. मराठवाड्यातून योगदान देणाऱ्या माणसाला हे जमतं आणि दूरदेशी बसलेल्या मेंटेनरला नाही. "परभणीच्या दोन शाळांत विचारलं, दोन्हीकडे अजून ३२ बिट मशीन आहेत आणि ही सोय वापरतात" असं एक वाक्य तुम्ही इश्यूत लिहिलंत, तर त्याला वजन असतं. डेबियन १३ने २०२५च्या ऑगस्टमध्ये ३२ बिट पीसीसाठीचं इन्स्टॉलर आणि कर्नल बंद केलं. अशा निर्णयांच्या आधी आपल्याकडची माहिती तिकडे पोचायला हवी.

किती थांबायचं? छोट्या प्रकल्पात, आतल्या आत वापरायच्या कोडसाठी, एक-दोन आठवडे. लोकांना दिसणाऱ्या सोयीसाठी किमान एक पूर्ण रिलीज, इशारा दाखवून. लायब्ररीच्या जाहीर फंक्शनसाठी त्याहून जास्त. प्रकल्पाचं लिखित धोरण असेल तर तेच पाळा.

निर्णय

सगळा पुरावा समोर आला की चार प्रश्न उरतात. वापरणारा एक तरी सापडला का? दुरुस्त करायला कुणी पुढे येतंय का? ठेवल्याने रोजच्या कामात किती अडथळा होतो? ठेवल्याने धोका आहे का?

वापरणारा सापडला आणि दुरुस्त करणाराही सापडला, तर ठेवा. वापरणारा आहे पण सांभाळणारा नाही, ही सगळ्यात अवघड परिस्थिती. तिथे माझं मत असं: तो भाग वेगळ्या पॅकेजात काढून द्या, म्हणजे ज्याला हवा तो सांभाळेल आणि मूळ प्रकल्प मोकळा होईल. दोन्हीही नाहीत, तर काढा, आणि रेंगाळू नका.

रेंगाळू नका हे जोर देऊन म्हणतो, कारण "असू दे की, काय खातंय ते?" हा विचार आपल्याकडे फार आहे. मोडका कोड फुकट पडून राहत नाही. कुणी एखाद्या फंक्शनचा तिसरा पॅरामीटर बदलतो, तेव्हा त्याला त्या मोडक्या भागातही तो बदलावा लागतो, आणि तपासायला तर काही मार्गच नसतो. नवा माणूस तो भाग वाचतो, खरा समजतो, त्याच्याकडे बघून नवं लिहितो. जुन्या डिपेंडन्सीचे, म्हणजे तो कोड ज्या बाहेरच्या लायब्रऱ्यांवर टेकलेला असतो त्यांचे, सुरक्षेचे इशारे येत राहतात. कर्नलच्या ४.१७ आवृत्तीत, २०१८ मध्ये, आठ जुन्या प्रोसेसरांचा आधार एकदम काढला गेला आणि जवळपास पाच लाख ओळी कमी झाल्या. कर्नलमध्ये सगळीकडे लागू होणारा कोणताही बदल करताना तोवर त्या आठही ठिकाणी हात घालावा लागत होता.

धोका तर वेगळाच. आपल्या शिवारात पाणी न लागलेले बोअर उघडे सोडलेले असतात. कामाचे नाहीत म्हणून ते निरुपद्रवी होत नाहीत. नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर व्यवहारांच्या कंपनीत २००३ पासून न वापरलेला कोड सर्व्हरवर तसाच पडून होता. २०१२ मध्ये नव्या सोयीसाठी त्याच कोडचा जुना फ्लॅग (तो चालू करणारी खूण) पुन्हा वापरला गेला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला, त्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. दुसरीकडे, २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक उघड झाल्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी त्याची लिब्रेएसएसएल ही वेगळी शाखा काढली, आणि पहिल्या आठवड्यातच सुमारे ९० हजार ओळी उडवल्या. त्यांत कुणी वापरत नसलेल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमांसाठीचा कोड भरपूर होता. तो इतका होता की त्याच्या गर्दीत खरा कोड नीट वाचताच येत नव्हता, आणि जो कोड वाचता येत नाही त्यातली चूक सापडणार कुणाला?

काढताना

एका कमिटमध्ये एकच गोष्ट काढा. त्याच कमिटमध्ये इंडेंटेशन सुधारणं, नावं बदलणं, बाजूचा बग दुरुस्त करणं, यातलं काहीही नको. पुढे कुणाला हे उलटवायचं असेल तर एका गिट रिव्हर्टने उलटवता आलं पाहिजे.

कॉमेंट करून ठेवू नका. "लागलं तर" म्हणून ठेवलेला कॉमेंटमधला कोड कधीच लागत नाही, आणि बाकीचा कोड बदलत गेल्याने लागला तरी चालत नाही. गिटमध्ये सगळं आहे.

फंक्शन गेलं की त्याच्या मागचं सगळं जाऊ द्या: त्याच्या टेस्ट, कॉन्फिगमधला पर्याय, बिल्डचा फ्लॅग, दस्तऐवजातला परिच्छेद, फक्त त्याच्यासाठी आणलेली डिपेंडन्सी. त्याने बोलावलेली आतली फंक्शनं आता पोरकी झाली असतील, तीही बघा, पण प्रत्येकासाठी वरचा तपास पुन्हा करा. भाषांतराच्या फायलींना मात्र हात लावू नका. प्रकल्पाचं साधन पुढच्या वेळी ती वाक्यं आपोआप बाजूला करतं, आणि हाताने केलेल्या बदलाने मराठी भाषांतर करणाऱ्याचं काम वाढतं. कॉन्फिगमध्ये जुना पर्याय लिहिलेला सापडला तर प्रोग्रॅमने बंद पडू नये, "हा पर्याय आता नाही" एवढं सांगून पुढे जावं, अशी व्यवस्था करा.

एसएमएसच्या त्या भागात गेटवेची किल्ली कॉन्फिगच्या नमुना फाइलीत लिहिलेली निघाली. अशी किल्ली फाइलीतून काढून उपयोग नसतो, कारण ती गिटच्या इतिहासात कायम राहते. ती गेटवेच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. जुना कोड काढताना अशा किल्ल्या हमखास सापडतात, म्हणून मुद्दाम शोधा.

कमिटचा संदेश मन लावून लिहा. प्रकल्पाची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीत लिहा, पण मजकूर साधारण असा असावा:

"एसएमएस पाठवणारा भाग काढला. २०२१ पासून नोंदणी नसलेले संदेश पोचत नाहीत. या भागात नोंदणी क्रमांकाची सोय नाही. चाचणीचा निकाल इश्यूमध्ये आहे. मागच्या रिलीजमध्ये इशारा दाखवला होता, वापरणारं कुणी पुढे आलं नाही. पुन्हा हवा असल्यास याच्या आधीच्या कमिटमध्ये पूर्ण कोड आहे."

काय काढलं, का, कधीपासून मोडलेलं, कुठे विचारलं, परत कुठून मिळेल: एवढं त्यात आलं. मेंटेनरला "कशावरून?" असं विचारायची वेळच येत नाही.

काढल्यानंतर

रिलीजच्या बदलांच्या यादीत ते स्पष्ट लिहा, आणि त्याजागी आता काय वापरायचं तेही लिहा. "अंतर्गत साफसफाई" असल्या शब्दांत लपवू नका. पॅकेज बनवणारे लोक हीच यादी वाचून आपल्या वापरकर्त्यांना सांगतात.

पुढचं एक रिलीज येईपर्यंत त्या विषयावरच्या इश्यूंवर लक्ष ठेवा. कुणी येऊन म्हणालं, "आमचं यावर काम चालायचं", तर वाद घालू नका आणि "तेव्हा का बोलला नाहीत?" असंही विचारू नका. त्याच्याकडे काय आहे, तो कोणती आवृत्ती वापरतो, त्याच्याकडे ते खरंच चालत होतं का, एवढं विचारा. चालत होतं, तर रिव्हर्ट करा आणि त्यालाच टेस्ट लिहायला मदत मागा; सांभाळणारा माणूस अनेकदा असाच मिळतो. चालत नव्हतं पण त्याला ते हवं आहे, तर जुन्या कमिटचा दुवा द्या आणि नव्याने बांधायला काय लागेल ते तुमच्या इश्यूतल्या चार मुद्द्यांवरून दाखवा.

पहिल्यांदा करत असाल तर दुसऱ्याच्या मोठ्या प्रकल्पापासून सुरुवात करू नका. आपल्या कॉलेजच्या किंवा ओळखीच्या एखाद्या छोट्या रेपोत व्हल्चर चालवा, ६० टक्क्यांच्या यादीतलं एकच नाव निवडा, आणि त्या एका नावासाठी गिट लॉगपासून इश्यूपर्यंतचा सगळा तपास लिहून काढा. काढायचं की ठेवायचं हे त्या तपासानंतर ठरवा, आणि ठेवायचं ठरलं तर टेस्टची पुल रिक्वेस्ट पाठवा.